कंडेन्सरचा डावा कोपरा

लतीफनं बॉनेटखाली हात घातले आणि एक जाड, एक बारीक असे दोन पाईप दोन मुठींत धरले. इंजिन चालू होतं, एसीचं बटण शेवटपर्यंत फिरवलेलं होतं. बारीक पाईप त्यानं लगेच सोडला. जाड पाईपवरची मूठ मात्र बराच वेळ तशीच ठेवली, आणि तेवढ्या वेळात तो गाडीकडे न बघता गॅरेजच्या पत्र्याकडे बघत राहिला.

"हात लावा, मॅडम. ह्याला."

प्रियदर्शिनीनं बोटं टेकवली. पाईप हवेइतकाच उबदार होता.

"घाम यायला पायजे ह्याला. गार पाण्याच्या तांब्याला येतो तसा. हा कोरडा हाय."

इंजिनाच्या पोटातून टक असा आवाज आला, थोड्या वेळानं पुन्हा टक. कंप्रेसर लागत होता आणि चार-पाच सेकंदांत सुटत होता. तिनं मनातल्या मनात सेकंद मोजले. काखेत धरलेली वही तिनं अजून उघडली नव्हती. घरून निघताना काय काय बोलायचं ते तिनं ठरवलं होतं, आणि पहिलं वाक्य बोलायची वेळ येऊन गेली की अजून यायची आहे, हे तिला कळत नव्हतं.

मागच्या सीटवर तिचे वडील, कुशाबा, दार उघडं टाकून, पाय बाहेर सोडून बसले होते. पुढं बसलं की पट्टा लावावा लागतो म्हणून ते नेहमी मागंच बसत. शनिवार होता, तिची सुट्टी. महाडला गाडी दाखवायला नेते म्हटल्यावर ते न विचारताच येऊन बसले होते. गाडीला काही होतं आहे आणि आपण घरी आहोत, हे त्यांना पटलं नसतं.

सोळा दिवसांपूर्वी ती याच जागी उभी होती. तेव्हाही एसी गार होत नव्हता. लतीफनं गेज लावून गॅस कमी असल्याचं सांगितलं होतं. गॅस आपोआप कमी होत नाही, कुठून तरी जातो, तेव्हा गाडी एक दिवस ठेवा, बंपर उघडून बघू, असंही तो म्हणाला होता. तिला दुसऱ्या दिवशी कंपनीच्या मुख्य कार्यालयातून आलेल्या ऑडिटर बाईंना पोलादपूरला घेऊन जायचं होतं. ती कंपनीच्या लॅबमध्ये होती, आणि माझ्या गाडीनं नेते म्हणून तिनंच पुढं होऊन सांगितलं होतं. मे महिन्यात खिडक्या उघड्या टाकून त्या बाईंना न्यायचं, हे चित्र तिला सहन झालं नव्हतं. वेळ नाही, नुसता गॅस भरा, असं ती म्हणाली. लतीफनं दोन साध्या सांध्यांना साबणाचं पाणी लावून बघितलं, मान हलवली आणि गॅस भरला.

पोलादपूरपर्यंत गाडीत इतका गारवा होता की ऑडिटर बाईंनी ओढणी अंगभर घेतली. अकराव्या दिवशी एसीच्या जाळीतून कोमट वारा यायला लागला. त्या संध्याकाळी, कंपनीच्या गेटपाशी गाडी उभी करून, घामानं पाठ सीटला चिकटलेली असताना, तिनं कंपनीतल्या लोकांच्या ग्रुपवर लिहिलं होतं: 'लतीफच्या गॅरेजमध्ये एसीचा गॅस भरू नका. पूर्ण भरल्याचे सांगून अर्धाच भरतात. स्वतःचा अनुभव.' ग्रुपवर एकशे त्रेचाळीस माणसं होती. एकतीस जणांनी अंगठा दाखवला. कुणीतरी 'बरं झालं सांगितलंत, वाचलो' असंही लिहिलं.

मग तिनं महाडमधली आणखी दोन गॅरेजं बघितली. दोघांनीही बाहेरच्या बाहेर गॅस भरून देतो म्हटलं. कुठून जातो, ते बघायची तयारी दोघांचीही नव्हती. म्हणून ती पुन्हा इथंच आली होती. मात्र हे असं सरळ तिनं स्वतःलाही सांगितलं नव्हतं. आपण जाब विचारायला चाललो आहोत, असं तिचं म्हणणं होतं.

गॅरेजच्या अंगणात मागच्या वेळी कंपन्यांचे स्टिकर लावलेल्या चार गाड्या होत्या. आज एक रिक्षा होती आणि एक चाकं काढलेली जीप. शनिवार असल्यामुळं असेल, असं तिनं धरलं.

"मी रोज तापमान घेतलंय," ती शेवटी म्हणाली आणि वही उघडली.

लतीफनं हात पुसले. वही हातात न घेता तो तिच्या शेजारी येऊन वाकला. एका पानावर तारखा होत्या, समोर मधल्या जाळीतल्या हवेचं तापमान, कामाच्या दिवशी सकाळी सात चाळीसला, कंपनीच्या गेटवर, पंखा दोनवर. पहिल्या दिवशी आठ. चौथ्या दिवशी अकरा. आठव्या दिवशी सतरा. अकराव्या दिवशी अठ्ठावीस. खाली पेन्सिलीनं काढलेला आलेख होता. ठिपक्यांतून जाणारी रेघ वर चढत गेली होती.

"हे छान केलंय," लतीफ म्हणाला. तो खरंच म्हणत होता. आखातात, दम्मामला, सोळा वर्षं त्यानं हेच काम केलं होतं, पण असं कुणी गिऱ्हाईक लिहून आणत नसे, असं तो म्हणाला. मग त्यानं काळं बोट आलेखाला न लावता, थोडं वर धरून, पहिल्या ठिपक्यावर नेलं.

"अर्धा भरला असता तर हा इथं नसता, मॅडम. पहिल्याच दिवशी कमी गार झाली असती आणि मग तशीच राहिली असती. पहिल्या दिवशी आठ हाय म्हंजे भरलेला पूर्ण होता. हा रोज थोडाथोडा जातोय. तुमच्याच कागदात लिवलंय."

तिनं आलेखाकडे बघितलं. रेघ तिनंच काढली होती, अकरा दिवस. ती रेघ काय सांगते, हे लॅबमधल्या नव्या पोरालाही तिनं एका वाक्यात सांगितलं असतं. तिच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. 'अर्धा' हा शब्द तिनं गॅरेजमध्ये आल्यापासून एकदाही उच्चारला नव्हता, हे मात्र तिच्या त्या क्षणी ध्यानात आलं नाही.

"आज ठेवा गाडी," लतीफ म्हणाला. "आज ठेवाल ना?"

"हो. ठेवते."

उरलेला गॅस त्यानं मशीनमध्ये ओढून घेतला. मग नायट्रोजनची टाकी आणून नळी जोडली आणि गेजचा काटा बघत हळूहळू दाब चढवला. तिनं विचारल्यावर त्यानं सांगितलं की नायट्रोजन कोरडा असतो, आत ओल सोडत नाही, आणि गॅसपेक्षा स्वस्त. काटा थांबला तसा त्यानं नळ बंद केला आणि खडूनं गेजच्या काचेवर काट्यासमोर खूण केली. पाच मिनिटांत काटा खुणेच्या खाली आला. दोघंही ते बघत होते. तिला असे प्रयोग आवडत. एरवी तिला हे आवडलं असतं.

बंपर काढायला अर्धा तास लागला. बारा स्क्रू आणि सात क्लिपा, त्यांतली एक तुटली. बंपर खाली ठेवल्यावर मागची जाळी उघडी पडली. ती पातळ पत्र्याची, घडी घातलेल्या कागदासारखी होती. हा कंडेन्सर, लतीफ म्हणाला. आतली उष्णता इथून बाहेर जाते. त्यानं साबणाचा फेस ब्रशनं वरपासून लावायला सुरुवात केली. वरचा भाग गप्प राहिला. मधला गप्प राहिला. ब्रश खाली डाव्या कोपऱ्यात गेला आणि तिथं फेसातून एक बुडबुडा आला, फुटला, दुसरा आला. मग एकामागून एक येत राहिले.

लतीफनं चिंधीनं फेस पुसला. त्या कोपऱ्यात पत्र्याच्या घड्या दिसत नव्हत्या. त्यांच्यावर पांढरा थर चढला होता, खडबडीत, कडेनं फुगलेला. त्यानं स्क्रू ड्रायव्हरचं टोक हलकेच टेकवलं तर पत्रा पापडासारखा मोडला.

"समुद्रावर असते का गाडी? मुरुड, श्रीवर्धन?"

"नाही," ती म्हणाली. "आमच्या गावी असते, सवला. घरी."

"मग हे कसं?" त्याचा प्रश्न तिला नव्हता. तो पत्र्याला विचारत होता. "दम्मामला असं व्हायचं. बंदरावरच्या गाड्यांना. दहा-दहा वर्षांच्या." त्यानं वर बघितलं. "धुता कशानं?"

ती उत्तर द्यायच्या आत कुशाबा गाडीतून उतरले. आपल्या विषयातला प्रश्न निघाल्यावर माणूस उतरतो, तसे.

"मी धुतो," ते म्हणाले. "दर रविवारी. साध्या पाण्यानं नाय हो लतीफभाई, आमच्या गरम झऱ्याच्या कुंडाच्या. दोन कॅन आणतो भरून, गरम हाय तवर वततो. पुढनं पहिलं, सगळी माती सुटते. दीड वर्षात एक रविवार चुकला नाय."

लतीफ ब्रश हातात धरून उभा राहिला.

"ह्यो बघा हात." कुशाबांनी दोन्ही तळवे पुढं केले. बावीस वर्षं ते औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात कंत्राटावर रसायनांची पिंपं धूत होते. हातांची सालटं निघत, बोटांच्या बेचक्यांतून रक्त येई. डॉक्टरांचं मलम झालं, गावठी झालं, शेवटी रोज संध्याकाळी सवच्या कुंडात कोपरापर्यंत हात बुडवून बसायला लागले आणि दोन पावसाळ्यांत कातडी भरून आली. ही गोष्ट प्रियदर्शिनीनं अगणित वेळा ऐकली होती. "त्या पाण्यात गुण हाय. आमच्या बायनं, ह्या पोरीनं तपासलंय ते, कॉलेजात. ही गाडी आली ना, तवा पहिला तांब्या तेच पाणी. आता शेजारचा हैबती पण टेम्पो त्याच पाण्यानं धुतो. माझं बघून."

"काय असतं त्या पाण्यात?" लतीफनं तिला विचारलं. त्याला खरंच माहीत नव्हतं.

तिला माहीत होतं. तिसऱ्या वर्षाचा प्रकल्प होता तिचा, सवच्या झऱ्याच्या पाण्याचं पृथक्करण. कुंडातल्या तीन जागांवरून नमुने घेतले होते. बाटल्या वडिलांनी धुवून, कोरड्या करून, धरून ठेवल्या होत्या. क्लोराइडसाठी सिल्व्हर नायट्रेटचा एकेक थेंब सोडायचा आणि पिवळ्याचं विटकरी झालं की थांबायचं. पहिल्या वेळी ते थांबलंच नाही. ब्युरेटची अख्खी नळी रिकामी झाली तरी पाणी पिवळंच. सर म्हणाले, दहापट पातळ करून घे, मीठ फार आहे त्यात. तो आकडा तिला आजही दशांशासकट पाठ होता. आणि आता नोकरीत, दर सोमवारी, कंपनीच्या कूलिंग टॉवरच्या पाण्याचं क्लोराइड ती तपासायची. मर्यादेबाहेर गेलं की तिच्या सहीनं पाणी बदललं जाई. कारण एकच, पाईप खाल्ले जाऊ नयेत.

दर रविवारी वडील गाडी धूत आणि ती ओट्यावर चहा पीत बघत असे.

"खनिजं असतात," ती म्हणाली. "वेगवेगळी."

लतीफनं तिच्याकडे बघितलं, मग कुशाबांच्या अजून तसेच पुढं धरलेल्या तळव्यांकडे. मग तो खाली बसला आणि त्या कोपऱ्यावर चिंधी दाबून पुन्हा पुसायला लागला, पुसण्यासारखं काही उरलं नव्हतं तरी.

"दगड," तो म्हणाला. "दगड लागलाय हितं. हायवेचं काम चालू हाय ना, पुढच्या ट्रकच्या चाकातनं उडतो. बारीकसा लागला तरी जाळी फुटते."

"मी बोल्लो नव्हतो?" कुशाबा तिला म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला. "केंबुर्ली पार केली की नुसते दगड उडतात. बोल्लो होतो का नाय, गो?"

"हो, बाबा."

नवा कंडेन्सर पुण्याहून मागवावा लागणार होता. गुरुवारपर्यंत येईल, शुक्रवारी गाडी देतो, असं ठरलं. कुशाबा चहा सांगायला रस्त्यापलीकडच्या टपरीवर गेले. प्रियदर्शिनीनं वही बंद केली, पर्समध्ये घालायला गेली, ती मावेना, तिनं पुन्हा बाहेर काढली. लतीफ सुटे स्क्रू एका डब्यात भरत होता.

"लतीफभाई, त्या दिवशी तुम्ही गाडी ठेवा म्हणाला होतात..."

"घाई असते माणसाला," तो म्हणाला. डब्याचं झाकण लावून त्यानं त्यावर खडूनं गाडीचा नंबर लिहिला. मग, तिच्याकडे न बघता, आवाज जराही न बदलता बोलला, "ग्रुपवर काय लिवायचं झालं तर दगड लिवा, मॅडम. पाणी नका लिवू. म्हातारा माणूस हाय."

वहीवरची तिची बोटं थांबली.

ग्रुपवरचं त्याला कधीपासून माहीत होतं, हे तिनं विचारलं नाही. पाईपला हात लावा म्हणाला तेव्हा माहीत होतं. वही वाकून बघितली, छान केलंय म्हणाला, तेव्हाही माहीत होतं. समोरच्या रिकाम्या अंगणात जीप तिच्या चार विटांवर उभी होती. पलीकडून कुशाबा तीन कप दोन हातांत धरून, ट्रक जायची वाट बघत होते.

आठवडाभर ती कंपनीच्या बसनं गेली. पहिल्या दिवशी बसमध्ये स्नेहल शेजारी येऊन बसली. लॅबमध्ये दोघींची टेबलं समोरासमोर होती. गाडी कुठं टाकलीस, असं तिनं विचारलं. महाडला, प्रियदर्शिनी म्हणाली. त्या लतीफकडे नाही ना, म्हणून स्नेहल हसली. तिच्या नवऱ्यानं तर तिथली सर्व्हिसिंगची वेळच रद्द केली होती, पन्नास किलोमीटर लांब गाडी नेली, पण फसलो नाही म्हणाला. पुढच्या थांब्यावर गर्दी वाढली आणि उत्तर द्यायची गरज राहिली नाही.

रोज रात्री जेवणानंतर ती ग्रुप उघडत असे. पहिल्या मजकुरात दगड होता. 'गॅरेजची चूक नव्हती, दगड लागून गळती झाली होती.' वाचायला सोपं, सगळे सुटत होते. लतीफनं हातात आणून दिलेलं वाक्य. ते पाठवायला बोट पुढं होईना. दुसऱ्यात नुसताच 'गैरसमज झाला होता' असा शब्द होता, कुणाचा ते नव्हतं. तिसऱ्यात पाणी होतं, आणि पाणी लिहिलं की ते कुणी ओतलं हा प्रश्न आपोआप येत होता, मग ते कुणाला ठाऊक असायला हवं होतं हाही. सोमवारी टॉवरच्या पाण्याचा नमुना तपासताना पिवळ्याचं विटकरी झालं तरी तिच्या हातून तीन थेंब जास्त पडले. तिनं ते फेकून पुन्हा केलं.

शुक्रवारी संध्याकाळी गाडी मिळाली. जाड पाईपला घाम आला होता. लतीफनं तिला पुन्हा हात लावायला सांगितलं, आणि पाईप इतका गार होता की तिनं बोटं मागं घेतली. निघताना त्यानं डिकी उघडून गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी आत ठेवलं. जुना पार्ट गिऱ्हाइकाचा, हा त्याचा आखातापासूनचा नियम होता. बदललं का नाही, हे ज्याचं त्यानं बघावं. तिला तो नको होता. तिनं डिकी लावून घेतली.

घरी गोणपाट तिनं न्हाणीच्या मागं, लाकडांच्या आडोशाला टाकलं. शनिवारी तिला दुसरी पाळी होती. सकाळभर ती वडिलांना एकच गोष्ट सांगायच्या बेतात होती, की उद्यापासून गाडी विहिरीच्या पाण्यानं धुवा. का, असं ते विचारतील. तिच्याकडे दोन-तीन कारणं तयार होती. एकही सांगून झालं नाही.

रविवारी जाग आली तेव्हा अंगणात पाण्याचा आवाज येत नव्हता. ती ओट्यावर आली. कुंडावरून भरून आणलेले दोन्ही कॅन गाडीच्या पुढच्या चाकाशी होते, झाकणांच्या कडेनं अजून वाफ निघत होती. गाडी कोरडी होती. कुशाबा न्हाणीमागं उकिडवे बसले होते आणि त्यांच्यासमोर गोणपाट उघडं पडलं होतं. लाकडं काढायला गेले असणार.

ती दोन पायऱ्या उतरली आणि थांबली.

त्यांनी कंडेन्सर उन्हाकडे करून धरला होता. दगडाची खूण शोधत असावेत. मधल्या भागावरून त्यांनी बोट फिरवलं, वरून फिरवलं, कुठं खड्डा लागतो का बघितलं. मग डाव्या कोपऱ्याशी आले. नखानं त्यांनी तो पांढरा थर खरवडला. कण बोटाच्या टोकावर घेऊन ते काही क्षण बघत राहिले आणि मग त्यांनी बोट जिभेला लावलं.

दुसऱ्याच क्षणी ते बाजूला थुंकले. पण उठले नाहीत. संध्याकाळी कुंडावर बसलेलं असताना ओठांवर जी चव येते, ती त्यांना तीस वर्षं माहीत होती.

"दगड बोल्ला लतीफ," ते म्हणाले. ती मागं उभी आहे हे त्यांना कळलं होतं.

"हो."

"भला माणूस हाय."

त्यांनी कंडेन्सर गोणपाटावर नीट ठेवला. "तुझ्या त्या वहीत होतं का गो हे? किती मीठ हाय ते?"

ती प्रकल्पाची वही देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर होती. कव्हर घालून त्यांनीच ठेवली होती. दसऱ्याला ते तिच्यावर फूल वाहत.

"होतं," ती म्हणाली.

कुशाबांनी मान हलवली. त्यात राग नव्हता, आणि तो असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. मी सांगायला हवं होतं, इतकं वाक्य तिच्या ओठांशी आलं. पण ते तिकडं बघत नव्हते. ते कुंपणापलीकडे बघत होते. तिथून बादलीतलं पाणी पत्र्यावर आपटल्याचा आवाज आला होता. शेजारचा हैबती टेम्पोसमोर उभा होता, पँट गुडघ्यापर्यंत वर घेऊन, आणि त्याच्या पायाशी तसलेच दोन कॅन.

"हैबती," कुशाबांनी हाक मारली. "थांब रे. नको वतू ते."

हैबतीनं बादली हातात धरून इकडं बघितलं.

कुशाबा कंडेन्सर उचलून कुंपणाशी गेले. गुडघ्यांमुळं सावकाश चालत गेले, पण आवाज नेहमीचाच होता, विहिरीवर कुणाला हाक मारताना असतो तसा, तीन घरं ऐकू जाईल एवढा. "माझ्या हातनं चूक झाली. आमची गाडी खाल्ली त्या पाण्यानं. हे बघ, भोक पडलंय. गॅस गेला त्यात लतीफची काय चूक नव्हती, माझी होती."

एवढंच. एका दमात बोलून झालं. प्रियदर्शिनी शब्द मोजत बसली होती त्याला आज नववा दिवस होता.

"गुणाचं पाणी ना ते?" हैबती म्हणाला.

"माणसाला हाय. पत्र्याला नाय. मीठ हाय त्यात. चाटून बघ."

हैबतीनं बादली खाली ठेवली, कुंपणावरून हात घालून कोपरा खरवडला, चाटला, तोंड वाकडं केलं. मग त्यानं टेम्पोच्या पुढच्या जाळीशी वाकून बराच वेळ आत बघितलं.

"तुला कुणी सांगितलं पण हे?"

"आमच्या बायनं," कुशाबा म्हणाले. मान न वळवता त्यांनी अंगठ्यानं मागं, तिच्याकडे दाखवलं. आवाजात तोच जुना अभिमान होता, जराही कमी न झालेला. "तिनं तपासलंय ना ते पाणी. आकडा हाय तिच्याकडं."

हैबती कुंपणावरून तिच्याकडे बघून आदरानं हसला.

ती आत गेली. फोन चार्जिंगला लावलेला होता, तो काढला, ग्रुप उघडला. लिहून ठेवलेला मजकूर सगळा पुसला. बाहेर विहिरीवर रहाट करकरला, पहिली बादली वर आली, आणि पाणी गाडीच्या पुढच्या बाजूवर पडल्याचा आवाज झाला. 'लतीफभाईंनी गॅस पूर्ण भरला होता,' तिनं लिहिलं. पुढचं वाक्य 'मी'नं सुरू करावं लागणार होतं. तिनं ते सुरू केलं.